शालूच्या रंगास हरकत

माझ्या व्याह्यांचा मला हेवा वाटतो, हे मी आरंभीच मान्य करून टाकतो. जी गोष्ट मान्य केली ती सिद्ध करण्याचा खटाटोप उरत नाही, एवढे मी दिवाणी न्यायालयाच्या नोकरीत शिकलो. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात न्यायाधीश म्हणाले होते की या गृहस्थांच्या हातून अपुरा कागद कधी पुढे गेला नाही. त्याच सवयीने मी आजही जगतो. चामराजपेटमध्ये आमची ही तिसरी पिढी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि पत्रे दोन्ही भाषांत. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गटारावर झाकण बसले ते माझ्या अकराव्या पत्रानंतर. माझे अक्षर चांगले आहे आणि राग त्याहून चांगला.

व्याही पुण्याचे. कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर ते मुलाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे, आमच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहायला आले. त्यामुळे माझी एकुलती एक मुलगी त्यांच्या घरात, माझी नात त्यांच्या मांडीवर, आणि मी दोन बस बदलून, रिंग रोडवर तासभर एकाच जागी उभा राहून, रविवारी दुपारी तिथे पोहोचणारा पाहुणा. नात त्यांना ‘आबा’ म्हणते. मला ‘चामराजपेटचे अज्जा’ म्हणते. पत्ता जोडल्याशिवाय ज्याची ओळख पटत नाही तो आजोबा मी.

एवढ्यावर भागले असते तर मी निभावले असते. परंतु व्याह्यांनी अडुसष्टाव्या वर्षी फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर शिकून घेतले. कुणाकडे न जाता, संगणकावरचे धडे पाहून. मग नात्यागोत्यातले सगळे जुने फोटो त्यांच्याकडे येऊ लागले. फाटलेले सांधायचे, डाग काढायचे, उडालेले रंग परत आणायचे. माझ्या पत्नीच्या फोनवर दर दोन दिवसांनी एक सुधारलेला फोटो येई आणि स्वयंपाकघरातून आवाज येई, “अय्या, दादांनी काय केलंय बघा तरी!” दादा म्हणजे व्याही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही पत्राला ‘अय्या’ मिळालेले नाही.

आमच्या लग्नाचा एकच रंगीत फोटो आहे. बाकीचे काळेपांढरे. तो रंगीत एका पाहुण्याने स्वतःच्या कॅमेऱ्यात काढून पाठवलेला. त्यात आम्ही दोघे मांडवात उभे आहोत, माझ्या खांद्यावर पांढरे उपरणे, तिच्या दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, आणि मधोमध उपरण्याची व शालूची बांधलेली गाठ. हा फोटो माझ्या लिहिण्याच्या टेबलावर खिडकीपाशी चार दशके उभा आहे. पत्राचा मसुदा करताना शब्द अडला की माझी नजर तिथे जाते. मुलीने ठरवले की आमच्या लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला तो मोठा करून, चौकटीत घालून, तिच्या दिवाणखान्यात लावायचा. खिळाही ठोकून झाला होता. सुधारण्याचे काम अर्थातच व्याह्यांकडे गेले. मला कोणी विचारले नाही. फोटो तेवढा मागून नेला.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा व्याही मला मोठ्या कौतुकाने त्यांच्या खोलीत घेऊन गेले. “बसा अप्पासाहेब, गंमत दाखवतो.” पडद्यावर आम्ही दोघे होतो, हातहात मोठे चेहरे. टेबलावर, माउसच्या शेजारी, विड्याचे एक पान पालथे पडलेले होते. हे गृहस्थ काम करताना पान चघळतात, हेही त्या दिवशी मी मनात टिपून ठेवले.

त्यांनी समजावले ते असे. फोटो जुना झाला की त्यातले रंग सारखे उडत नाहीत. एक आधी जातो, एक मागे राहतो. त्यात हा खिडकीपाशी असल्याने एका बाजूने जास्त गेला आहे. सगळ्या फोटोला एकच औषध दिले तर इकडचे चेहरे बरे होतात आणि तिकडचे हिरवट पडतात. म्हणून जेवढा भाग सुधारायचा तेवढ्यावरच ब्रश फिरवून एक अदृश्य झापड बसवायची. त्याला मास्क म्हणतात. मग जे काही कराल ते त्या हद्दीपुरते लागू होते.

हद्दीपुरते लागू होणे ही कल्पना मला आवडली, हे मी नाकारत नाही. परंतु नंतर त्यांनी शालूवर ब्रश फिरवला, एक पट्टी डावीकडे सरकवली, दुसरी उजवीकडे, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पत्नीचा शालू हिरवा झाला.

“हे काय?” मी म्हणालो.

“शालू.”

“शालू लाल होता.”

“फोटोत लाल दिसतोय हो, पण फोटो सगळाच लालावलाय. तुमचं उपरणंही गुलाबी दिसतंय, बघा.”

“उपरण्याचं राहू द्या. लग्न माझं होतं. मांडवात मी उभा होतो. तुम्ही त्या वेळी पुण्यात चौथीत का पाचवीत होता.”

“अहो, कारखान्यात नोकरीला लागलो होतो. तुमच्याहून दोनच वर्षांनी लहान आहे मी.” ते हसले. व्याह्यांचे हेच मला सहन होत नाही. त्यांना राग येत नाही. ज्याला राग येत नाही त्याच्याशी भांडायचे म्हणजे उशीवर गुद्दे मारायचे.

चहाच्या वेळी मी पत्नीकडे पाहिले. ती नातीची वेणी घालत होती. तिने मान वर केली नाही. तिला त्या वेळी एक प्रश्न विचारला असता तर हा सारा प्रकार तिथेच मिटला असता. पण जिच्या साडीचा वाद तिलाच साक्षीला बोलवावे, हे माझ्या डोक्यात आले नाही. माझ्याकडे दस्तऐवज होता. फोटो. चार दशके रोज पाहिलेला.

घरी आल्यावर मी पत्र लिहिले. ‘मा. व्याहीमहोदय यांस, विषय: विवाहप्रसंगीच्या छायाचित्रातील शालूच्या रंगात परस्पर केलेला बदल.’ त्यात मी नमूद केले की प्रस्तुत छायाचित्र माझ्या ताब्यात अखंड राहिलेले आहे. की त्यातील शालू आजही उघड्या डोळ्यांना तांबडा दिसतो. की घटनेच्या वेळी आपण हजर नव्हता. आणि सबब, हिरव्या रंगाचे छायाचित्र भिंतीवर लावण्यास माझी सक्त हरकत आहे. पत्र स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केले, पोचपावतीसह.

पत्नीला पावती सापडली. “बेळ्ळंदूरला रजिस्टर? मुलीच्या सासरी?”

“पुरावा राहतो.”

“माझ्या साडीवरून तुम्ही त्या माणसाला नोटीस पाठवलीत?”

“नोटीस नव्हे. हरकत.”

तिने पावती डब्याखाली परत सरकवली आणि डाळ निवडायला बसली. ती डाळ तिने दोनदा निवडली.

व्याह्यांचे उत्तर पत्राने आले नाही, फोनवर आले: ‘पत्र मिळाले. अक्षर इतके सुंदर की चौकटीत लावावे. रविवारी या, खीर आहे.’ आणि खाली जोडलेले दोन हात. मुद्द्याला उत्तर नाही. मी तो संदेश तीनदा वाचला आणि ठरवले की आता प्रतिपक्षाचेच शस्त्र हाती घ्यायचे.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, सरकारी अर्जांचे फोटो, कधीमधी साखरपुड्याचे काम. मालकीण माझ्या ओळखीची. त्यांच्या दुकानाच्या पाटीबाबत आलेल्या नोटिशीला उत्तर मीच लिहून दिले होते. सगळा रस्ता त्यांना अक्का म्हणतो. मी म्हणालो, “अक्का, मला शिकवा. एकच फोटो. एकाच ठिकाणचा रंग.” फोटो आता व्याह्यांच्या कैदेत होता, पण मुलीने स्कॅन केलेली प्रत मला पाठवली होती. ती अक्कांनी दुकानाच्या संगणकावर उतरवून घेतली. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसू लागलो.

माझा हात कापतो. अगदी थोडा, पण ब्रश शालूच्या काठावरून निसटून माझ्या कानावर गेला तर कान लाल होई. अक्का बाहेरूनच ओरडत, “स्वल्प निधान, सार!” जरा सावकाश. ब्रशची कड मऊ ठेवायची, मोठा भाग आधी, बारीक भाग मागून, चुकले तर पुसायचे आणि पुन्हा. तीन आठवड्यांत मला शालूची प्रत्येक चुणी पाठ झाली. पत्नीच्या उजव्या मनगटावर पाच बांगड्या आहेत आणि त्यांतली एक मांडवातच पिचलेली होती, हे मला त्या तीन आठवड्यांत कळले. इतकी वर्षे मी त्या फोटोकडे पाहत होतो असे म्हणणे आता जरा धाडसाचे वाटते.

माझा लाल शालू मात्र काही केल्या खरा दिसेना. कधी विटेसारखा, कधी डाळिंबासारखा. पत्नीची हनुवटीही त्या लालीने रागावल्यासारखी दिसे. शेवटी अक्का आत आल्या, चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, “मोदलु बिळी हुडुकी, सार.” आधी पांढरे शोधा. फोटोत ज्या वस्तूचा रंग तुम्हाला नक्की ठाऊक आहे ती आधी धरा. ती पांढरी झाली की तिच्या शेजारचे आपोआप खरे बोलू लागते.

मला नक्की ठाऊक असलेले पांढरे म्हणजे माझे उपरणे. आणि शालूला चिकटून ते एकाच जागी होते: गाठीत. मी गाठीएवढा लहान मास्क केला. त्यात उपरण्याचे टोक आले आणि त्याच्या पिळात अडकलेला पदराचा वीतभर भागही आला. मग अक्कांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी हळूहळू सरकवत गेलो. गुलाबी उपरणे फिकटले, मग करडे झाले, मग पांढरे झाले. अगदी पांढरे, त्या दिवशी होते तसे.

त्याच क्षणी, त्याच पिळात, पदर हिरवा झाला.

मी पट्टी परत नेली. लाल. पुढे आणली. हिरवा. मी हे किती वेळा केले ते सांगत नाही. उपरणे पांढरे होते हे जगातला कोणीही नाकारणार नाही, आणि उपरणे पांढरे ठेवले की शालू हिरवा होतो. माझ्या लग्नाची गाठ माझ्याविरुद्ध साक्ष देत होती, आणि उलटतपासणीत ती कुठेही ढळत नव्हती.

“आयता?” अक्कांनी विचारले. झाले का?

“इल्ला,” मी म्हणालो. नाही. आणि मग मी जे केले ते नोकरीत कुणी केले असते तर मी त्याला खुर्चीवरून उठवले असते. मी गाठीवरचा मास्क पुसून टाकला. उपरणे वेगळे धरून पांढरे केले, शालू वेगळा धरून लाल केला. हद्दी अशा आखल्या की एकाची साक्ष दुसऱ्यापर्यंत पोहोचूच नये. आता माझा हात कापत नव्हता. तो फोटो फार सुंदर झाला. पेन ड्राइव्हवर घेतला आणि रविवारी बेळ्ळंदूरला गेलो. त्याच संध्याकाळी दोहोंपैकी एक फोटो छपाईला जायचा होता.

व्याह्यांच्या खोलीत सगळे जमले. मुलगी, जावई, नात, पत्नी. व्याह्यांनी उठून मला त्यांची खुर्ची दिली, स्वतः मागे उभे राहिले. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे त्यांचा हिरवा, उजवीकडे माझा लाल.

“अप्पा, हे तुम्ही केलंत?” मुलगी म्हणाली. “तुम्ही स्वतः?” तिच्या आवाजातले आश्चर्य मला अजून आठवते. त्याच्यावर मी पुढचे दोन महिने जगू शकलो असतो.

व्याही पुढे वाकले. “काठ काय स्वच्छ धरलाय! मला असं जमलं नाही, खरंच.”

मी पत्नीकडे पाहिले. ती चष्मा लावून पडद्याजवळ गेली, माझ्या लाल फोटोपाशी थांबली आणि बराच वेळ पाहत राहिली.

“छान आहे,” ती म्हणाली. “कोण आहे ही?”

“कोण म्हणजे?”

“ही लाल साडीतली. तुमच्या शेजारी उभी आहे ती. मी काही हिला ओळखत नाही बाई.”

नात खुदकन हसली. आणखी कोणी हसले नाही.

“तुला हिरवा आठवतो?” मी विचारले.

“आठवतो म्हणजे? मी नेसले होते तो, अहो! विड्याच्या पानाचा हिरवा, पण मागच्या बाजूचा. वरची बाजू जास्त गडद असते. दादांनी मला पहिल्याच दिवशी फोन करून विचारलं, ‘वहिनी, शालू कसल्या रंगाचा होता?’ मी सांगितलं. त्यांनी पान आणलं, पालथं ठेवलं आणि पडद्याशी लावून बघत बसले. एक सुकलं की दुसरं.”

टेबलावर पान होतेच. त्या दिवशीचे हिरवे, ताजे. पालथे.

त्या क्षणी व्याह्यांविषयी मला जे वाटले त्याला हेवा हा शब्द फार सौम्य आहे. माझी पत्नी माझ्याच घरात, माझ्यापासून दहा पावलांवर, चव्वेचाळीस वर्षे बसलेली आहे. तिला विचारायचे या परक्या माणसाला एका फोनमध्ये सुचले. मी तीन आठवडे पुरावा गोळा केला. साक्षीदार मात्र मी घरीच विसरलो. आणि कशावर विसंबलो? खिडकीतल्या एका कागदावर. तो दरवर्षी थोडा थोडा लालावत गेला आणि त्याच्याकडे बघत बघत माझी आठवणही त्याच्याबरोबर लालावत गेली.

“मला का नाही सांगितलंस?” मी म्हणालो.

“तुम्ही रजिस्टर पत्र लिहीत होतात.”

आता गप्प बसणे शक्य होते. गाठीचा पुरावा माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हता आणि मी तो पुसलेला होता. पण अपुरा कागद पुढे न जाऊ देणारा माणूस म्हणून मला निरोप दिला गेला होता. मी माउस हातात घेतला, मूळ फोटो उघडला, गाठीएवढा मास्क केला, आणि सर्वांसमक्ष पट्टी सरकवली. उपरणे पांढरे झाले. पदर हिरवा झाला.

“हे मला चार दिवसांपासून ठाऊक आहे,” मी म्हणालो. “मी ते दडवलं. लाल फोटो मागे घेतो.”

जावयाने घसा खाकरला. व्याही मागून म्हणाले, “पण अप्पासाहेब, हे कसं केलंत? गाठीत माझं काही केल्या जुळत नाही. बघा ना माझ्यात.”

मी त्यांचा फोटो मोठा केला. खरेच होते. शालू निर्दोष होता, पण गाठीच्या पिळात त्यांचा ब्रश बाहेर सांडला होता. उपरण्याच्या टोकाला हिरवट छटा लागली होती, शेवाळल्यासारखी. मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

“या गाठीसकट हा फोटो भिंतीवर जाणार नाही,” मी म्हणालो. “शालूबद्दलची हरकत मागे. गाठीपुरती कायम.”

“मग तुम्हीच करा,” पत्नी म्हणाली. “बसलाच आहात तर.”

तेव्हा व्याह्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्याच फोटोत, मी गाठ दुरुस्त केली. पिळाची एकेक घडी वेगळी धरून. पाऊण तास लागला. पत्नी खांद्यामागे उभी राहून सांगत होती, “तिथे स्वल्प कमी. हं. इथे पदर वरून गेलाय, खालून नाही.” व्याह्यांनी दोनदा काही सुचवायला तोंड उघडले आणि दोन्ही वेळा मी हात वर केला.

फोटो लागला. वाढदिवसाला पाहुणे आले, सगळ्यांनी शालूची तारीफ केली. व्याही प्रत्येकाला हसून सांगत होते, “साडी माझी, गाठ त्यांची.” सांगण्यात दोष नव्हता. तरीही प्रत्येक वेळी ‘साडी माझी’ ऐकून माझ्या कानशिलात काहीतरी उडत होते. गाठीकडे कोणीही पाहिले नाही. एकानेही नाही.

परतताना बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. सिग्नलला गाडी थांबली होती. मी बराच वेळ विचार केला, फोटोत काय काय दिसते आणि काय दिसत नाही याचा. मग पत्नीला विचारले, “तुझी चोळी कसल्या रंगाची होती? पदर दोन्ही खांद्यांवरून होता. फोटोत ती दिसत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले. “दादांनी हे नाही विचारलं,” ती म्हणाली.

“म्हणूनच विचारतोय.”

ती हसली. ‘अय्या’ म्हणाली नाही, पण त्याच्या फार जवळचे काहीतरी म्हणाली. आणि मग तिने सांगितले: कोणता रंग, कापड कुणी आणले, शिवणारी कोण, बाही आदल्या दिवशी उसवून पुन्हा का शिवावी लागली. चामराजपेट येईपर्यंत ते पुरले.

तो रंग मी इथे लिहिणार नाही. माझे सगळे लिखाण मुलगी वाचते, आणि तिने वाचले की ते व्याह्यांपर्यंत जाते.